अर्थविवेक : दिवसाचा आलेख कागदावर तपासावा की पडद्यावर?



मागील अंक प्रसिद्ध झाल्यानंतर भाईंदरच्या एका श्राविकाभगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव गेले वर्षभर शेअर बाजारात दैनंदिन व्यवहार करतात. म्हणजे सकाळी घेतलेले शेअर त्याच दिवशी दुपारी विकून मोकळे होतात. संध्याकाळी ते त्या दिवसाचे आलेख प्रिंटरवर छापून घेतात, त्यांवर पेन्सिलीने खुणा करतात आणि फाइलला लावतात. धाकटा भाऊ त्यांची थट्टा करतो. त्याचे म्हणणे, जे सारे मोबाइलच्या पडद्यावर फुकट दिसते त्यासाठी कागद आणि शाई का घालवायची? भगिनींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या विचारतात, “हा अभ्यास आहे की छंद, हे आम्ही घरच्यांनी कसे ओळखावे?”

प्रश्न वरवर छपाईचा वाटतो; प्रत्यक्षात तो घराच्या पैशाचा आहे. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यांत, कापडाच्या दुकानांत, दवाबाजारात वा हिऱ्याच्या कार्यालयांत काम करणारी आपल्या समाजातील किती तरी तरुण मुले आज सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसलेली दिसतात. म्हणून या वेळी हाच विषय थोडा सविस्तर घेतो.

पडदा आला केव्हा?

‘कागद की पडदा’ हा वाद आपल्याकडे फार जुना नाही. मुंबईत शेअरदलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमत, त्या काळापासून दलाल स्ट्रीटची परंपरा चालत आली. 1875 मध्ये दलालांची रीतसर संघटना स्थापन झाली आणि तिचेच पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले. त्या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव आपल्याच समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद यांचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर नव्या कंपन्यांचे आणि बॅकबे भरावाच्या शेअरांचे भाव गगनाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. शेठजींचे वैभव गेले आणि त्या धक्क्यातून बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्यांच्या दानातून उभा राहिला आणि त्याला त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले. भावाचा चढउतार किती वेगाने घराचा कायापालट करतो, हे आपल्या समाजाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलेले आहे.

पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बाजार रिंगणातल्या आरोळ्यांवर चालला. रिंगणातला जॉबर दिवसभर घेई-विकी, पण त्याच्यासमोर आलेख नसे. भाव त्याच्या कानांत आणि स्मरणात असत. ज्यांना आलेखाची आवड होती ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील भाव पाहून आलेखपत्रावर पेन्सिलीने एक-एक रेघ वाढवीत. अर्थात तो आलेख दिवसांचा असे, मिनिटांचा नव्हे. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर 1994 मध्ये संगणकावर शेअरांचे व्यवहार सुरू केले आणि मार्च 1995 मध्ये मुंबई बाजारानेही ‘बोल्ट’ ही संगणकप्रणाली आणली. तेव्हापासून भाव पडद्यावर सरकू लागला. मिनिटामिनिटाचा आलेख सामान्य माणसाच्या हाती आला तो त्यानंतर.

ज्या ‘कँडल’च्या आकृत्या आज प्रत्येक मोबाइलवर दिसतात, त्यांचे मूळ मात्र जपानच्या तांदूळबाजारात आहे. अठराव्या शतकातील साकाता येथील व्यापारी होम्मा मुनेहिसा यांच्याकडे या परंपरेचे श्रेय देण्याची प्रथा आहे. त्या काळी त्या आकृत्या कागदावर काढल्या जात. 1991 मध्ये स्टीव्ह निसन यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे त्या पाश्चात्त्य बाजारांत परिचित झाल्या. थोडक्यात, ही आकृती जन्मली कागदावर आणि वाढली पडद्यावर.

एका पानात एक दिवस

आता प्रत्यक्ष तुलनेकडे वळू. आपला बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30 चालतो. म्हणजे 375 मिनिटे. पाच मिनिटांची एक कँडल धरली तर दिवसाच्या 75 कँडल होतात. ए-फोर आकाराचा कागद आडवा धरला आणि कडेचे समास सोडले, तर एका कँडलला साधारण सव्वातीन मिलिमीटर जागा मिळते. ही जागा डोळ्याला पुरेशी आहे. तीच गोष्ट एक मिनिटाच्या कँडलची केली तर 375 कँडल एकमेकींना चिकटतात आणि कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून छापायचे असेल तर पाच मिनिटांचा आलेख छापावा. त्याहून सूक्ष्म तपासणी पडद्यावरच करावी.

या हिशेबाने दिवसाला एक पान पुरते. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे 250 असतात. म्हणजे 500 कागदांच्या एका रिमपैकी अर्धे. धाकट्या बंधूंचा खर्चाचा आक्षेप येथेच संपतो. मात्र रोज दहा-पंधरा पाने निघत असतील तर तो आक्षेप खरा आहे. ज्याने दिवसात दहा निरनिराळ्या शेअरांत व्यवहार केले, त्याची अडचण छपाईत नसून व्यवहारांच्या संख्येत आहे. त्या संख्येकडे पुढे येतोच.

पडदा कोठे फसवतो?

पडद्याचा पहिला दोष असा की तो प्रत्येक दिवस सारखाच मोठा दाखवतो. समजा, एक शेअर 800 रुपयांच्या आसपास आहे. सोमवारी तो 796 ते 804 या मर्यादेत फिरला, म्हणजे एक टक्का. मंगळवारी तो 780 ते 820 फिरला, म्हणजे पाच टक्के. पडद्यावरील आलेख उभी मोजपट्टी आपोआप ताणतो किंवा आवळतो; त्यामुळे दोन्ही दिवशी आलेख पडदा भरून दिसतो. सोमवारची किरकोळ हालचालही मंगळवारच्या उसळीसारखी भासते आणि हात व्यवहाराकडे जातो. उपाय सोपा आहे. छापताना उभी मोजपट्टी ठरावीक ठेवावी. उदाहरणार्थ, आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या वर तीन टक्के आणि खाली तीन टक्के. मग सोमवारचे पान जवळजवळ सपाट दिसेल आणि त्या दिवशी व्यवहार करण्याजोगे काहीच नव्हते हे पाहताक्षणी कळेल. हीच सोय पडद्यावरही करता येते, परंतु ती करणारे विरळा.

दुसरा दोष असा की पडदा फार आज्ञाधारक आहे. पाच मिनिटांचा आलेख मनासारखा दिसत नसेल तर बोटाच्या एका स्पर्शाने तो पंधरा मिनिटांचा होतो, तासाचा होतो. एक सरासरी रेषा जुळत नसेल तर दुसरी काढता येते. असे करता करता झालेल्या प्रत्येक व्यवहाराला समर्थन सापडते. आम्ही बँकेत असताना दिवसाची व्हाउचरे आणि छापील नोंदी समोरासमोर ठेवून पेन्सिलीने टिक मारीत असू. ज्या नोंदी तपासायच्या त्या तपासताना बदलता येणार नाहीत, हेच त्या पद्धतीचे बळ होते. छापील आलेखही असाच आहे. आपण सकाळी 10:40 ला जे पाहून शेअर घेतला, ते त्या कागदावर जसेच्या तसे राहते.

तिसरी बाब तांत्रिक आहे, पण लक्षात ठेवण्यासारखी. कंपनीने बोनस दिला किंवा शेअरचे विभाजन केले की पडद्यावरचे जुने भाव मागे जाऊन बदलले जातात. रिलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला. आज त्याआधीचा आलेख उघडला तर त्यावरील भाव त्या वेळच्या प्रत्यक्ष भावाच्या निम्मे दिसतात. दीर्घ मुदतीच्या तुलनेसाठी हे योग्यच आहे. परंतु आपण त्या दिवशी किती रुपयांना घेतले आणि कोणत्या गोल आकड्यापाशी थांबलो, हे पाहायचे असेल तर जुना छापील कागद, किंवा त्याच दिवशी जतन केलेले पडद्याचे चित्र, हाच पुरावा उरतो.

चौथे कारण सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. ज्या पडद्यावर आपण उजळणी करतो, त्याच पडद्यावर खरेदी-विक्रीचे बटण असते. शेअर बाजार साडेतीनला बंद झाला तरी वस्तूंचा वायदेबाजार रात्री उशिरापर्यंत चालू असतो. दुपारचा तोटा मनात घेऊन संध्याकाळी आलेख पाहणारा तरुण सोन्या-चांदीच्या किंवा कच्च्या तेलाच्या सौद्यात केव्हा शिरला, हे त्याचे त्यालाही कळत नाही. कागदावर बटण नसते.

आणि कागद कोठे फसवतो?

न्यायाने कागदाचेही दोष सांगितले पाहिजेत. छापील पानावर दिवसाचा शेवट आधीच दिसतो. दुपारी दोनला भाव उसळला हे डोळ्यांसमोर असताना साडेअकराला शेअर विकणे मूर्खपणाचे वाटते. वस्तुतः साडेअकराला ते कोणालाच ठाऊक नव्हते. घडून गेलेली गोष्ट अपरिहार्य वाटणे, हा मानवी मनाचा स्वभाव आहे आणि पूर्ण दिवसाचा आलेख त्या स्वभावाला खतपाणी घालतो. म्हणून पानावर एक पुठ्ठा ठेवावा, तो एका वेळी एक कँडल इतका उजवीकडे सरकवावा आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आता मी काय केले असते?’ हे लिहावे. तथापि त्याच संध्याकाळी हा प्रयोग फोल ठरतो, कारण दिवस आठवत असतो. पंधरा दिवसांनी जुनी पाने चाळताना तो उपयोगी पडतो. येथेही मोजपट्टी ठरावीक हवी. नाही तर दिवसाचा उच्चांक आणि नीचांक पानाच्या कडांवरूनच कळून जातो आणि पुठ्ठ्याला अर्थ उरत नाही.

या कामात पडदा सरस आहे, हे मान्य करावे लागेल. काही प्रणालींत मागील कोणताही दिवस निवडून आलेख एक-एक कँडल पुढे चालवण्याची सोय असते. पुढचे खरोखरच झाकलेले राहते. तसेच एखाद्या आकृतीनंतर पूर्वी काय घडले हे शंभर-दोनशे उदाहरणांत तपासायचे असेल, तर ते कागदावर होणे नाही. दहा-बारा ठळक उदाहरणे फाइलला लावून ‘हे नेहमीच घडते’ असा समज करून घेणे हा छापील संग्रहाचा मोठा धोका आहे. आपण कागदावर छापतो ते बहुधा लक्षात राहिलेले दिवस असतात. फसलेले, कंटाळवाणे दिवस छापायचे राहून जातात. म्हणून नियम असा ठेवावा: व्यवहार केलेला प्रत्येक दिवस छापायचा, किंवा एकही नाही. निवड करायची नाही.

कागदावर वाचलेले अधिक समजते, असे संशोधन सांगते असा दाखला काही जण देतात. तो कितपत लागू होतो, हेही पाहू. नॉर्वेतील 72 दहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कागदावर उतारे वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. पुढे 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत सहभागी झालेल्यांची संख्या 1 लाख 70 हजारांहून अधिक होती. निष्कर्ष कागदाच्या बाजूने निघाला. अंतर फार मोठे नव्हते. ते माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना अधिक जाणवले. परंतु हे सारे अभ्यास मजकुराच्या वाचनाचे आहेत, भावाच्या आलेखाचे नाहीत. कागद सावकाश पाहायला लावतो, एवढेच त्यांतून आपण घ्यावे. छापल्याने नफा वाढतो, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.

पानावर काय लिहावे?

छापील आलेख त्यावर काही लिहिले तरच उपयोगाचा. दलालाकडून मिळणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि संख्या असते. त्यावरून घेतल्याची आणि विकल्याची नेमकी जागा आलेखावर बाणाने दाखवावी. आठवणीवरून बाण काढू नये. आठवण नेहमी आपल्या बाजूने साक्ष देते. शेजारी चार गोष्टी लिहाव्यात: घेताना कारण काय होते, स्टॉपलॉस किती ठरवला होता, तो पाळला का, आणि सर्व खर्च वजा जाता हाती काय आले.

मग प्रत्येक सौद्याला चारपैकी एक शेरा द्यावा. नियम पाळला आणि नफा झाला. नियम पाळला आणि तोटा झाला. नियम मोडला आणि तोटा झाला. नियम मोडला आणि नफा झाला. दुसऱ्या प्रकारच्या तोट्याचे वाईट वाटून घेऊ नये. तो धंद्याचा खर्च आहे. तिसऱ्या प्रकारचा तोटा माणसाला निदान शहाणे करतो. सर्वांत घातक आहे तो चौथा प्रकार. स्टॉपलॉस काढून टाकला, भाव खाली गेला, नशिबाने परत वर आला आणि चार पैसे मिळाले. अशा दिवशी घरात पेढे येतात. पुढच्या मोठ्या तोट्याचे बी मात्र त्याच दिवशी पेरलेले असते. पडद्यावर हिरवा आकडा दिसतो आणि विषय संपतो. कागदावर ‘नियम मोडला’ हे आपल्याच अक्षरात राहते.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. दिवसाच्या शेवटी दैवसिक, पंधरवड्याला पाक्षिक, चार महिन्यांनी चातुर्मासिक आणि वर्षाने सांवत्सरिक प्रतिक्रमण आपण करतो. ते आत्म्यासाठी आहे. बाजाराच्या हिशेबाशी त्याची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु पद्धत म्हणून त्यातला क्रम घेण्यासारखा आहे. रोज दहा मिनिटे नोंद करावी. पंधरा दिवसांनी सर्व पाने जमिनीवर ओळीने मांडून एकदम पाहावीत. पडद्यावर हे दृश्य कधीच मिळत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत, कोणता दोष पुन्हा पुन्हा घडतो, ते अशा वेळी दिसते. किती तरी जणांना तेव्हा प्रथमच कळते की आपला सगळा तोटा पहिल्या अर्ध्या तासातला, किंवा एका तोट्यानंतर लगेच केलेल्या दुसऱ्या सौद्यातला आहे. चार महिन्यांनी बेरीज करावी आणि चालू ठेवायचे की थांबायचे, हा निर्णय घ्यावा.

मी पालीला राहतो. येथील आणि शेजारच्या उत्तनच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते आणि होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात. तो व्यवसाय आपल्या आचाराशी जुळणारा नाही; पण त्या दोन महिन्यांत प्रत्येक होडीची फळी न् फळी ठोकून तपासली जाते, ही शिस्त पाहण्यासारखी आहे. समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यावर थांबणे त्यांना कमीपणाचे वाटत नाही. बाजारात मात्र आपल्या मुलांना एक दिवस न खेळता गेला तर चुकल्यासारखे होते.

आकडे काय सांगतात?

आता व्यवहारांच्या संख्येकडे येतो. ‘सेबी’ने जुलै 2024 मध्ये शेअरांच्या रोख विभागातील दैनंदिन व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 या वर्षात असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. वर्षात 500 हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होते. तीस वर्षांखालील तरुणांचा वाटा 2018-19 मध्ये 18 टक्के होता. तो 48 टक्क्यांवर गेला. तोटा झालेल्यांनी तोट्याच्या रकमेच्या आणखी 57 टक्के इतकी रक्कम व्यवहारखर्चात घालवली, हा त्या अहवालातील माझ्या मते सर्वांत बोलका आकडा. वायदे आणि ऑप्शनची स्थिती याहून बिकट आहे. सप्टेंबर 2024 मधील सेबीच्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तेथे 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

हा खर्च कसा साठतो, ते पाहू. समजा, एक लाखाचे शेअर सकाळी घेतले आणि दुपारी विकले. विक्रीवर रोखे व्यवहार कर 0.025 टक्के, म्हणजे 25 रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क 3 रुपये. दलाली दोन्ही बाजूंना 20-20 धरली तर 40 रुपये. बाजाराचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी धरून आणखी 14 रुपयांच्या आसपास. एकूण सुमारे 80 रुपये. दिवसाला असे चार सौदे आणि वर्षाला 250 दिवस धरले तर 80 हजार रुपये होतात. दैनंदिन व्यवहारात भांडवलाच्या पाच पटींपर्यंत व्यवहार करू दिला जात असल्याने ज्याच्याकडे दोन लाख आहेत तो हे सहज करू शकतो. म्हणजे वर्षाअखेर मुद्दल जागेवर ठेवण्यासाठीच त्याला आधी 40 टक्के कमवावे लागतील. कोणत्याही ठेवीचे व्याज किंवा दुकानाची सचोटीची कमाई या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

कराची बाजूही ध्यानात असावी. या व्यवहारांचे उत्पन्न आयकर कायद्यात सट्टा-व्यवसायाचे मानले जाते. त्यातील तोटा पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो केवळ अशाच व्यवहारांच्या नफ्यातून, आणि तोही पुढील चार वर्षांपर्यंत वजा होतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. ‘छोटा तोटा आहे, दाखवला नाही तरी चालेल’ असे समजणाऱ्यांनी आपल्या सनदी लेखापालांना एकदा विचारावे.

कायद्याने ‘सट्टा’ हा शब्द हिशेबाच्या सोयीसाठी वापरला आहे. तरीही आपल्याला तो विचारात पाडणारा आहे, कारण सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. दैनंदिन व्यवहार म्हणजे द्यूतच, असे मी सरसकट म्हणणार नाही. नियम, मर्यादा आणि नोंद ठेवून करणारे लोक आहेत. संख्येने थोडे, पण आहेत. फरक ओळखण्याची खूण एकच: जो हिशेब दाखवायला तयार असतो तो व्यवहार, आणि जो हिशेब लपवतो ते व्यसन.

भगिनींना उत्तर

यावरून आमच्या वाचकभगिनींच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. चिरंजीवांचे आलेख छापणे वाया जाणारे नाही. बाजार चालू असताना पडदा, आकडेवारी आणि जुन्या उदाहरणांचा शोध यांसाठीही पडदा, आणि दिवसाची उजळणी कागदावर, ही वाटणी मला योग्य वाटते. थट्टा करणाऱ्या धाकट्या बंधूंनी ती थांबवावी. परंतु फाइल जाड झाली म्हणजे अभ्यास झाला, असे घरच्यांनीही मानू नये. सुंदर रंगीत आलेख हा देखावाही असू शकतो. आपण त्यांच्याकडून तीन गोष्टी प्रेमाने मागाव्यात.

एक: प्रत्येक पानावर सर्व खर्च वजा जाता राहिलेली रक्कम आणि पंधरवड्याच्या शेवटी तिची बेरीज लिहिलेली असावी. ही बेरीज दलालाने दिलेल्या हिशेबाशी जुळली पाहिजे. आई म्हणून आपल्याला कँडल समजली नाही तरी चालेल. ही बेरीज समजते.

दोन: परिग्रहाचे परिमाण आपण व्रत म्हणून ठरवतो, तसे या कामाला लावायच्या रकमेचे परिमाण आधी ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. ती रक्कम गेली तर घराच्या हप्त्याला, आजारपणाला आणि बहिणीच्या शिक्षणाला धक्का लागता कामा नये. त्यात भर घालण्यासाठी उसनवारी, दागिन्यांवरील कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज घ्यायचे नाही, हेही त्याच पानावर लिहावे आणि खाली सही करावी.

तीन: थांबण्याची अट आजच ठरवावी. उदाहरणार्थ, सलग दोन चातुर्मासिक बेरजा उणे आल्या किंवा ठरवलेल्या रकमेच्या चौथा हिस्सा गेला, तर व्यवहार बंद. तोटा झाल्यावर ठरवलेली अट कधीच पाळली जात नाही. आधी लिहिलेली अट निदान समोर तरी येते. छापील आलेखाची खरी कसोटी हीच आहे. जो कागद आपल्याला ‘आता थांब’ असे सांगू शकत नाही, तो छापला काय आणि न छापला काय!

चिरंजीवांनी या तिन्ही गोष्टी आनंदाने मान्य केल्या, तर निश्चिंत राहावे. ते अभ्यास करीत आहेत. त्यांनी टाळाटाळ केली किंवा रागावले, तर प्रिंटरची शाई संपण्याची वाट न पाहता घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्यासोबत बसावे. रागावून नव्हे, मुलगा लपवू लागतो तो बहुधा घरच्यांच्या रागाला भिऊनच. वर्षभराचा तोटा आज कळला तर तो भरून निघतो. तीन वर्षांनी सावकाराच्या तोंडून कळला तर भरून काढणे कठीण जाते.

शेवटी कागदाविषयी एक गोष्ट. अक्षर असलेला कागद पायदळी येऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ज्ञानाची आशातना आपण टाळतो. वर्ष पूर्ण झाल्यावर ही पाने कचऱ्यात फेकू नयेत. पाठकोऱ्या बाजूवर मुलांना गणिते करू द्यावीत आणि नंतर ती पुनर्वापरासाठी द्यावीत. मात्र कॉन्ट्रॅक्ट नोट आणि बेरजेची पाने करहिशेबासाठी जपून ठेवावीत.

पुढील अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी, त्यांवरील नामनिर्देशन आणि वारसांना येणाऱ्या अडचणी यांविषयी लिहीन. त्याबाबतचे प्रश्न वाचकांनी मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावेत.